हीटरवर क्षार, फिल्टरची घरघर: मासे टाकीत असताना सफाई कशी करायची?

काचपेटी
टाकी अडीच फुटी, पाणी साधारण ८० लिटर. मासे: एंजल ४, कोरी ६, मोली ८. पाणी बोअरचं. हीटरच्या काचेवर आणि फिल्टरच्या तोंडाशी पांढरा क्षार चढलाय, नखाने खरवडून निघत नाही. हँगऑन (काचेच्या काठाला बाहेरून अडकवायच्या) फिल्टरची धार निम्म्यावर आली आहे आणि मोटर घरघरते. आत ओढणाऱ्या पाइपवर काळं शेवाळ आहे. रविवारी सगळं काढून एकदाच ब्लीचमध्ये धुवायचा विचार आहे. चालेल का? मासे बादलीत काढावे लागतील का?

गोडंपाणी
मासे आहेत तिथेच राहू द्या. जाळीने धरपकड केली की अंगावरचा चिकट थर निघतो, आणि तोच त्यांचं रोगापासून रक्षण करतो.

ब्लीचपेक्षा मला धास्ती आहे ती "एकदाच"ची. फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंगा या जिवंत वस्तू समजा. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तिथेच चिकटून असतात. ते मेले की दोन-तीन दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागतात. बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि पीएच जितका जास्त, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. म्हणजे तुमच्याकडे चुकीला जागा कमीच.

आधी फक्त स्पंज करा. टाकीतलं २० लिटर पाणी सायफनने बादलीत घ्या. ही बादली फक्त टाकीसाठी ठेवा, साबण-फिनाइलची नको. सायफन तोंडाने ओढू नका. स्पंज त्या पाण्यात तीन-चार वेळा पिळा. पाणी चहासारखं गढूळ होईल, तेवढं पुरे. स्पंज पांढराशुभ्र करायला जाऊ नका. रिंगा नुसत्या खळबळून घ्या. पालिकेच्या नळाखाली कधीच धरू नका, पावसाळ्यात तर नाहीच, तेव्हा क्लोरीनचा वास पाण्याला जास्त येतो. हीटर, पाइप, झाकण हे सगळं त्यानंतर दोन आठवड्यांनी.

लिंबूफूल
वरच्या उत्तराला एक जोड. क्षारासाठी ब्लीच निरुपयोगी आहे. तो पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते आम्लानेच विरघळतं. ब्लीच शेवाळ आणि जंतू मारतं, क्षाराला ढिम्म हलवत नाही.

हीटर: प्लग काढा आणि हीटर २० मिनिटं पाण्यातच राहू द्या. तापलेली काच हवेत आली किंवा गार पाण्यात गेली की तडकते. मग १ लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवा, किंवा साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं घ्या. उंच ग्लासात फक्त काचेचा भाग उभा बुडवा, वायर निघते तिथलं रबरी बूच द्रावणाच्या वर राहू द्या. लगेच बारीक बुडबुडे सुटतील, तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले आणि थर उरला, तर द्रावण बदला. अर्ध्या-पाऊण तासाने मऊ स्पंजने पुसा. तारेची घासणी नको, काचेवर ओरखडे पडतात आणि पुढचा क्षार तिथेच धरतो.

हे काम टाळू नका. जाड थरामुळे उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, हीटर आतून जास्त तापतो आणि काच फुटू शकते.

इंपेलर
घरघर मोटरची नसावी, इंपेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पंख्याची असावी. प्लग काढा, इंपेलर सरळ ओढून बाहेर घ्या. ज्या दांडीवर तो फिरतो ती सिरॅमिकची असेल तर वाकत नाही, मोडते, म्हणून तिरका ओढू नका. चुंबकावर चिकट तपकिरी साय चढलेली दिसेल आणि वाळूचे लोहयुक्त काळे कणही चिकटलेले असतील. ते नव्या टूथब्रशने काढा. इंपेलर बसतो त्या भोकात कापूस गुंडाळलेली काडी फिरवा, खरी घाण तिथेच असते. क्षार असेल तर हे भागही लिंबूफुलाच्या पाण्यात चालतात.

परत बसवल्यावर फिल्टरची पेटी टाकीच्या पाण्याने भरून मगच चालू करा. आत हवा अडकली तरी घरघर होतेच, मग उगाच पुन्हा उघडाउघड होते. आणि स्पंज या वेळात कोरडा ठेवू नका, टाकीच्या पाण्यात बुडवून ठेवा.

काचपेटी
काळ्या शेवाळासाठी मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं आहे, बाटलीवर ६ टक्के लिहिलंय. ब्लीच नकोच का मग?

गोडंपाणी
६ टक्क्यांचं समप्रमाणात पाणी घालून ३ टक्के करा. पाइप टाकीबाहेर काढून त्यात १० मिनिटं ठेवा, हातमोजे घाला. शेवाळ आधी लालसर पडतं, मग ब्रशने निघतं. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं, त्यामुळे स्वच्छ धुतलं की काम झालं. फक्त स्पंज-रिंगांना लावू नका.

ब्लीच टाकीत रोग येऊन गेला असेल तेव्हाच, तेही जाळी, पाइप, काच अशा कडक वस्तूंना. बिनवासाचं साधं ब्लीच १ भाग, पाणी २० भाग, १० ते १५ मिनिटं. भरपूर धुवा, मग १० लिटर पाण्यात ५ ग्रॅम हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) विरघळवून त्यात अर्धा तास ठेवा आणि उन्हात वाळवा. जरासाही वास राहिला तर पुन्हा हायपोत. व्हिनेगर किंवा लिंबूफुलाच्या भांड्यात ब्लीच ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो.

हाताला जखम असेल तर टाकीत हात घालताना लांब मोजे घालाच. टाकीच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा जिवाणू माणसाच्या कातडीत शिरतो आणि ती गाठ बरी व्हायला महिने लागतात.

लिंबूफूल
स्पंज धुतल्यावर एक दिवस खाणं बंद ठेवा आणि आठवडाभर दिवसाआड अमोनिया-नायट्राइट तपासा. आकडा शून्याच्या वर दिसला तर त्याच दिवशी २५ टक्के पाणी बदला. हीटरचा प्लग मात्र तो पूर्ण बुडाल्यावर १५ मिनिटांनीच लावा.