मोटरसायकल क्लबची वर्गणी भरावी का? मदत हवी आहे

माझी १९७४ची यामाहा आरडी ३५० आहे, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. उजवा स्पार्क प्लग सारखा तेलकट होतो, म्हणजे क्लचकडचा क्रँक सील (इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी) गिअर ऑइल इंजिनात सोडतोय, असा माझा अंदाज. कार्ब्युरेटर साफ केले, प्लग बदलले. ऑनलाइन मागवलेला सील मापातच बसला नाही. मॅन्युअल आहे, साधी कामं घरीच करतो.

म्हणून याच मॉडेलच्या मालकांच्या क्लबात जावं म्हणतोय. एकदा पाहुणा म्हणून राइडला गेलो, तर गप्पा जॅकेट आणि स्टिकरच्याच! (गाड्या मात्र देखण्या होत्या.) रविवारी मला सुट्टी नसते, त्यामुळे राइड जमणार नाहीत.

ज्यांनी वर्षभर तरी वर्गणी भरलीय त्यांनीच सांगा: राइडला न येणाऱ्या सभासदाला सुटे भाग आणि जाणत्या मेकॅनिकचा पत्ता खरंच मिळतो का, की आधी हजेरी लावावी लागते?