संशोधन अनुदानातून उपकरण खरेदी: जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेरच्या खरेदीला मंजुरी कोणी द्यायची?

नमस्कार. आमच्या अनुदानित महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्रकल्पाला केंद्र सरकारचे संशोधन अनुदान मिळाले असून त्यातून पोटेन्शिओस्टॅट (विद्युत-रासायनिक प्रयोगांत विद्युतदाब नियंत्रित करणारे उपकरण) घ्यायचा आहे. मात्र आम्हाला हव्या त्या क्षमतेचे उपकरण जेम पोर्टलवर नाही. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संशोधनासाठी सर्वसाधारण वित्तीय नियम (केंद्र सरकारचे खर्च व खरेदीचे नियम) शिथिल झाले, कोटेशनविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपयांवर गेली आणि जेमबाहेरील खरेदीला मंजुरी देण्याचा अधिकार कुलगुरू व संचालकांना मिळाला. आमच्या लेखा विभागाच्या मते प्राचार्य यात बसत नाहीत. (हा अर्थ मला फारच संकुचित वाटतो.) संलग्न महाविद्यालयात अशी खरेदी कोणी केली असल्यास मंजुरी कोणाच्या सहीने घेतली आणि उपयोगिता प्रमाणपत्राच्या (अनुदान ठरलेल्या कामासाठी खर्च झाल्याच्या दाखल्याच्या) वेळी लेखापरीक्षकांनी ती मान्य केली का, हे कृपया सांगावे.