आईच्या गोळ्यांची स्मार्ट डबी जोडली जात नाही

परळकर: आईला थायरॉईड, मधुमेह आणि फिट्सच्या गोळ्या आहेत. वायफायची डबी आणली, पण ॲपला जोडली जात नाही. फोनवरची आठवणही कधी येते, कधी नाही. काय तपासू?

सर्किटवाला: अशा बहुतेक डब्या फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं करून मग डबी २.४ वाल्याला जोडा. आठवण चुकते कारण बॅटरी वाचवायला फोन ॲप झोपवतो. त्या ॲपची बॅटरी सेटिंग ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा.

औषधवाली: सगळ्यांची एकच वेळ लावू नका. थायरॉईडची उपाशीपोटी, चहाआधी किमान अर्धा तास, मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर जेवणासोबत. फिट्सची सोडियम व्हॅल्प्रोएट असेल तर ती पाकिटातच राहू द्या, हवेतली ओल शोषते. मुंबईच्या पावसाळ्यात डबीत नकोच!

सर्किटवाला: बरोबर. शिवाय सेन्सरला फक्त झाकण उघडलेलं कळतं, गोळी पोटात गेली की नाही ते नाही.