मदत हवी आहे: कार्टूनमधल्या नायिका आणि मराठी सबटायटल

मंडळी, खानापूर भागातल्या मराठी शाळांत पाचवी-सहावीच्या मुलांना दाखवायला कार्टून मालिकांचे भाग निवडायचे आहेत. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’मधली टॉफ (२००६) पक्की. अंध आहे, तळपायांनी जमिनीची कंपनं टिपून लढते. वाळूत मात्र तिचा अंदाज चुकतो. ही मर्यादा दाखवली म्हणून ती खरी वाटते. ‘बुरखा ॲव्हेंजर’मधली शिक्षिका जियाही हवीच, पुस्तकं-पेनं हीच तिची हत्यारं. अशा आणखी कोण सुचतात? हट्टी, चुकणाऱ्या, सावरणाऱ्याही चालतील.

दुसरी अडचण सबटायटलची. एसआरटी फाईल (सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली साधी फाईल) यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी चालणाऱ्या अक्षर-संकेतात, सेव्ह करूनही पेनड्राइव्हवरून टीव्हीवर जोडाक्षरं फुटतात, कारण टीव्हीच्या प्लेअरला देवनागरीची जुळणी जमत नाही. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरने अक्षरं व्हिडिओतच पक्की बसवायची तर फॉन्ट कुठला घ्यावा? या वयाच्या मुलांना दोन ओळी वाचायला चार सेकंद पुरतात का? बेळगाव-निपाणीकडे कुणी केलं असेल तर जरूर सांगा.