मदत हवी आहे: पोप महोदयांची शिकवण अंतःकरणाने कशी स्वीकारावी?

पोप महोदय श्रद्धा किंवा नीतीविषयी संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी (कॅथलिक चर्चसाठी) अंतिम निर्णय जाहीर करतात, तेव्हा पवित्र आत्मा त्यांना चुकीपासून राखतो, असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरातील कॅथलिक बिशपांच्या सभेने) 1870 मध्ये ठरवले. असे प्रसंग विरळच. 1950 मध्ये पवित्र मरियेला सदेह स्वर्गात घेतल्याचे श्रद्धासत्य घोषित झाले, तो त्यांपैकी एक. त्याविषयी माझ्या मनात शंका नाही.

अडचण आहे ती परिपत्रकांसारख्या (पोप महोदयांच्या शिकवणपर पत्रांसारख्या) नेहमीच्या शिकवणीची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनुसार तिलाही इच्छा आणि बुद्धी यांची धार्मिक नम्रता दाखवायची असते; परंतु प्रामाणिक विचार करूनही एखादा मुद्दा पटत नसेल, तर ही नम्रता प्रार्थनेत कशी उतरावी? पोप महोदय ज्याचे वारस मानले जातात त्या पेत्राचा, येशूच्या शिष्याचा, विश्वास ढळू नये म्हणून येशूने केलेल्या प्रार्थनेचा (लूक 22:32) इथे आधार घेता येईल का? जाणकारांनी कृपया स्वानुभवातून मार्गदर्शन करावे.