मदत हवी आहे: अपग्रेडनंतर बॅकअप बंद, कॉन्फिगला हातही लावलेला नाही

म्हापसा_काउंटर: काल सर्व्हर अपग्रेड केला. तेव्हापासून बिलिंगच्या मशीनवरून सर्व्हरवर होणारा रात्रीचा आरसिंक बॅकअप चालत नाही. कॉन्फिग फाईल जशीच्या तशी आहे. उद्या शुक्रवार, बाजाराचा दिवस. आज रात्री बॅकअप व्हायलाच हवा. लवकर सांगा.

पर्वरी_ॲडमिन: कशावरून कशावर गेलात? बिलिंगवर काय आहे? एरर काय?

फोंडा_नेट: आधी यूपीएस बघा. पावसात वीज सारखी जाते-येते, डिस्क गेली असेल.

म्हापसा_काउंटर: डिस्क ठीक आहे हो. उबुंटू २०.०४ वरून २२.०४. बिलिंगवर सेंटओएस ६, विक्रेता हात लावू देत नाही. एरर 'नो होस्टकी अल्ग'.

पर्वरी_ॲडमिन: फाईल तीच आहे, पण तिच्यात जे लिहिलेलं नाही ते बदललंय. आरसिंक ज्या एसएसएच जोडणीतून जातो, त्या ओपनएसएसएचमध्ये ८.८ पासून (२०२१) एसएचए-१ची आरएसए सही (मशीन आणि किल्ली खरी असल्याची जुनी खूण) डिफॉल्टने बंद, २२.०४ मध्ये ८.९ आहे. सेंटओएस ६ च्या ओपनएसएसएच ५.३ ला आरएसएची दुसरी सही येतच नाही.
सर्व्हरच्या एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये वर 'होस्टकीअल्गोरिदम्स +एसएसएच-आरएसए' टाका. मग बिलिंगची लॉगिनची किल्ली नाकारली जाईल, 'परमिशन डिनाइड' येईल. त्यासाठी 'पबकीॲक्सेप्टेडअल्गोरिदम्स +एसएसएच-आरएसए', पण फाईलच्या शेवटी मॅच ॲड्रेसखाली, बिलिंगच्या आयपीपुरतं. पहिली ओळ मॅचमध्ये चालत नाही. अधिकचं चिन्ह विसरलात तर यादीत तेवढंच उरतं, बाकी सगळे बाहेर.
'एसएसएचडी -टी' लहान टीने तपासा, मग रीस्टार्ट. चालू सेशन सोडू नका. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय का ते आधी बघा.

मडगाव_रूट: क्रिप्टो-पॉलिसी (सगळ्या सिस्टीमची एन्क्रिप्शन सेटिंग) लेगसीवर टाका, एका ओळीत काम.

पर्वरी_ॲडमिन: ते रॉकी, आल्मा ९ या दुसऱ्या लिनक्सवर. इथे उबुंटू आहे.

कुडचडे_बॅश: पण सर्व्हर कमकुवत कशाला करता? सर्व्हरनेच बिलिंगकडून बॅकअप ओढून घ्यावा. दोन्ही सवलती सर्व्हरच्या क्लायंट कॉन्फिगमध्ये, त्या एका होस्टपुरत्या. मग बिलिंग फुटलं तरी तिथे सर्व्हरमध्ये शिरायची किल्ली सापडणार नाही.

पर्वरी_ॲडमिन: कायमचा उपाय म्हणून तेच बरं. पण त्याला बिलिंगवर सर्व्हरची पब्लिक किल्ली ठेवावी लागेल, आणि विक्रेता आज ते करू देणार नाही.

म्हापसा_काउंटर: मॅचखाली नेल्यावर चालला! देव बरें करूं. पुढच्या आठवड्यात दुसरा सर्व्हर आहे. असलं आधी कळतं का?

पर्वरी_ॲडमिन: कळतं. अपग्रेडआधी रूटने 'एसएसएचडी -टी' मोठ्या टीने चालवून फाईलमध्ये ठेवा. त्यात न लिहिलेले डिफॉल्टही येतात. नंतर पुन्हा काढून डिफ करा, म्हणजे फरक दिसेल. डेटाबेसचंही तसंच: मायएसक्यूएल ८.० ने पासवर्डची पद्धत आणि कॅरेक्टर सेट दोन्ही बदललेत, पोस्टग्रेस १४ ने पासवर्ड एन्क्रिप्शन. त्या सर्व्हरवर काय आहे?

म्हापसा_काउंटर: मायएसक्यूएल.

पर्वरी_ॲडमिन: आवृत्ती?