कॉर्नरनुसार जीएम-आयडीचे आलेख एकाच चित्रात कसे आणावेत?

प्रश्न — विद्यार्थी, माटुंगा

नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून प्रकल्पासाठी स्काय१३० या खुल्या पीडीकेवर (चिप डिझाइनसाठी लागणाऱ्या ट्रान्झिस्टर मॉडेलांचा व नियमांचा संच) दोन टप्प्यांचा ऑप-ॲम्प, म्हणजे वर्धक, करत आहे. आकृती आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातील ई-सिम या सर्किटच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली असून त्यातून मिळालेली नेटलिस्ट (सर्किटचे मजकुरातील वर्णन) मी एनजीस्पाइस या सिम्युलेटरवर हाताने दुरुस्त करून चालवतो. एका एनमॉसचा (एन-प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) ड्रेन ०.९ व्होल्टवर ठेवून गेटचा व्होल्टेज ० ते १.८ व्होल्टपर्यंत स्वीप करायचा आणि जीएम (गेट व्होल्टेजनुसार ड्रेन करंट किती बदलतो ते), जीएम भागिले आयडी (ड्रेन करंट) व थ्रेशोल्ड व्होल्टेज (ज्याला ट्रान्झिस्टर चालू होतो तो) हे तिन्ही टीटी, एफएफ, एसएस, एफएस आणि एसएफ या पाच कॉर्नरसाठी (निर्मितीतील फरकांमुळे ट्रान्झिस्टर नेहमीचा टी, वेगवान एफ किंवा संथ एस निघण्याच्या स्थिती) एकाच आलेखावर दाखवायचे, एवढेच काम आहे.

अडचण अशी, की नेटलिस्टमधील आज्ञांच्या कंट्रोल विभागातील लूपमध्ये कॉर्नरचे नाव बदलत गेलो तरी पाचही रेषा तंतोतंत एकावर एक पडतात. जीएम मागितला तर असा व्हेक्टर (आकड्यांची मालिका) नाही, असे उत्तर येते. शिवाय टीटीमध्ये थ्रेशोल्डचा आलेख काढला, तर गेटचा व्होल्टेज कितीही बदलला तरी सरळ आडवी रेषा दिसते. यातले काय चुकते आहे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद — अ‍ॅनालॉग डिझाइनर, पवई

लूपचे कारण सोपे आहे. कॉर्नरचे मॉडेल आणणारी डॉट-लिबची ओळ नेटलिस्ट वाचली जाते तेव्हाच उलगडली जाते. कंट्रोल विभागातील आज्ञा त्यानंतर चालतात, त्यामुळे तिथे व्हेरिएबल बदलून मॉडेल बदलत नाही. पाच कॉर्नरसाठी पाच छोट्या फाइली करा, प्रत्येकीत फक्त शीर्षक, त्या कॉर्नरची लिब ओळ आणि सामाईक सर्किटचा इन्क्लूड एवढेच ठेवा. शीर्षकाची ओळ विसरू नका, कारण मुख्य फाइलची पहिली ओळ सिम्युलेटर नेहमी शीर्षकच समजतो आणि लिब तिथे लिहिली तर ती निमूटपणे गिळली जाते. मग एकाच सत्रात या फाइली सोर्स आज्ञेने एकामागून एक वाचून चालवल्या, की डीसी१, डीसी२ असे वेगवेगळे प्लॉट स्मृतीत राहतात आणि ते नाव आधी लावून पाचही व्हेक्टर एकाच प्लॉट आज्ञेत देता येतात. ज्यांना पायथॉन येते ते बहुधा नेटलिस्ट पायथॉननेच तयार करतात आणि आकडे राइट-डेटाने बाहेर काढतात. मात्र त्या फाइलीत प्रत्येक व्हेक्टरच्या आधी एक्स-अक्षाचा स्तंभ पुन्हा येतो, हे वाचताना ध्यानात ठेवा.

जीएमसारखे ट्रान्झिस्टरच्या आतले पॅरामीटर आपोआप साठवले जात नाहीत. ते रन करण्यापूर्वी सेव्ह आज्ञेत नाव घेऊन मागावे लागतात, आणि एकदा सेव्ह वापरले की बाकीचे नोड गळतात, म्हणून सोबत सेव्ह ऑलही लिहा. स्काय१३०मध्ये ट्रान्झिस्टर सबसर्किटच्या आत गुंडाळलेला असतो, त्यामुळे ॲट चिन्हानंतर एम, मग तुमच्या एक्स-घटकाचे नाव, मग आतल्या एम-घटकाचे पूर्ण नाव आणि शेवटी चौकटी कंसात जीएम, असा संपूर्ण मार्ग द्यावा लागतो. पडताळणी म्हणून ड्रेन करंटचे गेट व्होल्टेजच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह काढून पाहा. ते जीएमशी जुळले पाहिजे.

थ्रेशोल्डची आडवी रेषा ही चूक नाही. बीएसआयएम४ या ट्रान्झिस्टरच्या गणिती मॉडेलमध्ये तो लांबी, रुंदी, तापमान, बॉडी बायस (बॉडी व सोर्समधील व्होल्टेज) आणि ड्रेन व्होल्टेज यांवर ठरतो, गेट व्होल्टेजवर नाही. तो लांबीच्या किंवा बॉडी बायसच्या समोर काढा, म्हणजे कॉर्नरची तुलना अर्थपूर्ण होईल. लांबी मायक्रॉनमध्येच, म्हणजे नुसती ०.१५ अशी लिहायची असते. पुढे यू जोडलात तर मॉडेलच सापडत नाही.

प्रतिसाद — मुलुंडहून

वर सर्व बरोबर आहे, पण रेषा वेगळ्या झाल्यावर तुम्हाला पाचाऐवजी जेमतेम तीनच गठ्ठे दिसतील, तेव्हा पुन्हा बिचकू नका. पहिले अक्षर एनमॉसचे आणि दुसरे पीमॉसचे, म्हणून एकट्या एनमॉसला एफएफ आणि एफएस जवळपास सारखेच. पुष्कळदा मिश्र कॉर्नर थोडे कमी टोकाचे असतात, कारण ऑक्साइडची जाडी दोन्ही प्रकारच्या ट्रान्झिस्टरना सामाईक असते.

माझा खरा आक्षेप एक्स-अक्षावर आहे. गेट व्होल्टेजच्या समोर जीएम भागिले आयडी काढले, तर कॉर्नरमधील थ्रेशोल्डचा फरक रेषांना डावी-उजवीकडे ढकलतो आणि चित्र भीतिदायक दिसते. प्रत्यक्षात तुमचा ट्रान्झिस्टर करंट मिररमधून (एका शाखेतला करंट दुसरीत उतरवणारे सर्किट) बायस होणार आहे. त्याला करंट ठरवून मिळतो, व्होल्टेज नाही. म्हणून एक्स-अक्षावर आयडी भागिले रुंदी-लांबीचे गुणोत्तर लॉग प्रमाणात घ्या. त्यात थ्रेशोल्ड जवळजवळ पूर्णपणे वगळला जातो, मोबिलिटी (वाहकांची चपळता) आणि ऑक्साइडमुळे होणारा लहानसा सरकाव तेवढा उरतो, आणि पाचही रेषा आश्चर्य वाटावे इतक्या जवळ येतात. दोन्ही आलेख अहवालात शेजारी-शेजारी द्या. परीक्षकांना त्यातून जे कळेल ते पाच पानांच्या तक्त्यातून कळणार नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जीएम मिळाला आणि रेषाही वेगळ्या झाल्या. करंटच्या समोर काढल्यावर त्या खरोखरच जवळ आल्या. मग कॉर्नर तपासण्याची गरजच कुठे उरते?

प्रतिसाद — मुलुंडहून

गरज हेडरूमसाठी, म्हणजे ट्रान्झिस्टर नीट चालण्यापुरता व्होल्टेज शिल्लक राहतो का हे पाहण्यासाठी, उरते. ठरलेला करंट वाहण्यासाठी एसएसमध्ये गेट-सोर्स व्होल्टेज जास्त लागतो, थंडीत थ्रेशोल्ड आणखी वाढतो, आणि पुरवठा १.८ व्होल्टवरून १० टक्के घसरला तर हाती १.६२ व्होल्टच राहतात. एकावर एक रचलेले ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमधून, म्हणजे वर्धकासाठी लागणाऱ्या स्थितीतून, बाहेर पडतात ते इथे.

जीएमचे मात्र उलट आहे. वीक इन्व्हर्जनमध्ये (गेट व्होल्टेज थ्रेशोल्डच्या खाली असताना) जीएम भागिले आयडीची कमाल मर्यादा थर्मल व्होल्टेज (तापमानाच्या प्रमाणात वाढणारा) ठरवतो. स्लोप फॅक्टर (ज्याने ही मर्यादा भागली जाते तो ट्रान्झिस्टरचा गुणांक) १.३ धरला, तर ती २७ अंश सेल्सिअसला सुमारे ३० प्रति व्होल्ट, उणे ४० ला ३८ आणि १२५ ला २२ येते, कॉर्नर कोणताही असो. म्हणजे हेडरूमसाठी थंड एसएस आणि जीएमसाठी गरम एसएस, असे दोन वेगळे वाईट प्रसंग तुम्हाला पाहावे लागतील. तापमान कंट्रोल विभागातून बदलता येते, त्यासाठी नव्या फाइली नकोत. बायसचा करंट तेवढा आदर्श स्रोतातून न घेता तुमच्या खऱ्या बायस सर्किटमधून घ्या, कारण तोही कॉर्नरनुसार हलतो.